परदेशात शिकवता शिकवता वस्तीतल्या मुलांसाठी शिकण्याचा कॅम्प चालवायचाय? मग हे आधी वाचा

परदेशातल्या शाळेत नोकरी लागली, घर लावून झालं, पहिली टर्म संपली की बऱ्याच जणांच्या डोक्यात एक विचार येतोच, की शाळेच्या गेटबाहेर जी मुलं दिसतात त्यांच्यासाठी सुट्टीत काहीतरी करूया. माझ्याही डोक्यात आला. मी गणित शिकवते, इंटरनॅशनल स्कूलमध्ये, आणि आत्तापर्यंत असे सहा कॅम्प केलेत, त्यातला पहिला साफ फसला. चाळीस मुलं आली, आम्ही पाच परदेशी शिक्षक, रंगीत वर्कशीट्सचे गठ्ठे घेऊन हजर, आणि अर्ध्या तासात कळलं की आठ-दहा वर्षांच्या निम्म्या मुलांना त्यांच्याच भाषेतली अक्षरं वाचता येत नाहीत, आणि आमच्यातल्या एकालाही ती भाषा धड येत नाही. मग उरलेले चार दिवस काय केलं तर चित्रं रंगवली आणि गाणी म्हटली. फोटो मात्र झकास आले!

तर तेव्हा मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते इथं क्रमाने लिहितेय. प्रत्येक देशाचे कायदे वेगळे असतात त्यामुळे कायद्याच्या गोष्टी तुमच्या तिथं विचारून घ्याच, बाकीचं बहुतेक सगळीकडे लागू पडेल.

१. आधी व्हिसा आणि नोकरीचा करार काढून वाचा

कंटाळवाणं आहे पण पहिलं हेच. आपल्याला वाटतं पैसे घेत नाही म्हणजे काम नाही. बऱ्याच देशांत वर्क परमिट एका ठराविक मालकासाठी आणि एका ठराविक जागेसाठी असतं, आणि दुसरीकडे जाऊन फुकट शिकवलं तरी ते 'काम'च धरलं जाऊ शकतं. ब्रिटनचं उदाहरण घ्या, तिथं स्टुडंट व्हिसाच्या नियमांत 'व्हॉलंटियरिंग' आणि 'व्हॉलंटरी वर्क' या दोन वेगळ्या गोष्टी धरतात, दुसरी कामाच्या तासांत मोजली जाते, आणि व्हिजिटर म्हणून गेलेल्या माणसाला रजिस्टर्ड चॅरिटीसाठी जास्तीत जास्त ३० दिवस व्हॉलंटियर करता येतं. म्हणजे एकाच देशात व्हिसानुसार उत्तर बदलतं. मित्राला चाललं म्हणून मला चालेल हे धरून चालू नका.

शाळेच्या एचआरला मेल करा. तोंडी विचारू नका, मेलच करा, आणि उत्तर जपून ठेवा. मेलमध्ये चारच गोष्टी: कुठं, कोणत्या संस्थेबरोबर, कोणत्या तारखांना, आणि पगार किंवा मानधन घेणार नाही हे. माझ्या शाळेने एका पानाचं ना-हरकत पत्र दिलं, त्याला दीड महिना लागला. म्हणून सुट्टीच्या निदान तीन महिने आधी सुरुवात करा.

२. एकट्याने काही उभं करू नका, तिथला जोडीदार शोधा

तुम्ही दोन-तीन वर्षांत तो देश सोडून जाणार आहात. मुलं तिथंच राहणार आहेत. त्यामुळे कॅम्प ज्याचा आहे तो माणूस किंवा संस्था तिथलीच पाहिजे आणि आपण मदतनीस. हे ऐकायला सोपं वाटतं, प्रत्यक्षात जड जातं, कारण आपल्याला वर्गात बॉस असायची सवय असते ना.

जोडीदार म्हणजे मोठी संस्थाच पाहिजे असं नाही. सरकारी शाळेतली एखादी शिक्षिका, वाचनालय चालवणारं मंडळ, वस्तीत आधीपासून शिकवणी घेणारी कॉलेजची मुलं, कुणीही चालेल. मी भेटायला जाते तेव्हा हे विचारते:

- मुलांना तुम्ही किती दिवसांपासून ओळखता? घरच्यांना ओळखता का?
- मागच्या वर्षी काय केलं? जमलं नाही असं काय होतं?
- आम्ही निघून गेल्यावर पुढे कोण घेणार?
- मुलांबाबत तक्रार आली तर कोण बघतं?

दुसऱ्या प्रश्नाला "सगळं छान झालं" असं उत्तर आलं की मी जरा सावध होते.

इथं एक मोठा सापळा आहे. अनाथाश्रमात जाऊन आठवडाभर शिकवणं. भावना चांगली असते, पण अनेक देशांत असं दिसलंय की अशा आश्रमांतल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात आणि परदेशी पाहुणे व देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलांना घरापासून तोडून तिथं ठेवलं जातं. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा आणला तेव्हा या प्रकाराची दखल घेतली गेली होती. शिवाय दर आठवड्याला नवीन ताई-दादा येऊन लळा लावून जातात त्याचा त्या पोरांवर काय परिणाम होत असेल तो वेगळाच. मुलं संध्याकाळी आपल्या घरी जातात अशाच ठिकाणी कॅम्प करा.

३. कागदपत्रांची फाइल

एकच फाइल, दोन कॉपी, एक तुमच्याकडे एक जोडीदाराकडे:

- पासपोर्ट, व्हिसा आणि वर्क परमिटची कॉपी
- शाळेचं ना-हरकत पत्र
- जोडीदार संस्थेबरोबर दोन पानी करार, दोघांच्या भाषेत (कोण काय करणार, खर्च कोणाचा, मुलांची जबाबदारी कोणाची)
- जागेची लेखी परवानगी, किल्ली कोणाकडे असेल त्याच्या नावासकट
- प्रत्येक व्हॉलंटियरचं पोलीस व्हेरिफिकेशन
- पालकांची संमतीपत्रं
- मुलांची यादी: नाव, अंदाजे वय, घरच्यांचा फोन, ॲलर्जी, घरी न्यायला कोण येणार
- विमा, म्हणजे तुमची पॉलिसी अशा कामाला चालते का ते लेखी
- सगळ्यात वर एक पान: जवळचं हॉस्पिटल, पोलीस, तिथला इमर्जन्सी नंबर

पोलीस व्हेरिफिकेशनबद्दल दोन शब्द. भारतीय पासपोर्ट असेल तर पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) तुम्ही राहता त्या देशातल्या भारतीय दूतावासातून मिळतं. शिवाय जिथं राहता तिथल्या पोलिसांचंही मागू शकतात, दोन्ही लागतील असं धरून चला. तुमच्या टीममध्ये ब्रिटनचे शिक्षक असतील तर त्यांच्याकडे बहुधा आयसीपीसी असतं, बाहेरदेशी मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठीचं सर्टिफिकेट, त्याची तारीख बघून घ्या. डिग्रीचे कागद मागितले तर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, लागेल का ते विचारा. १९६१ च्या हेग करारात नसलेल्या देशात अपॉस्टिल चालत नाही, तिथं वेगळं अटेस्टेशन करावं लागतं आणि त्यात आठवडे जातात.

संमतीपत्र कसं असतं यावर आमचं एकदा भांडण झालं होतं. आम्ही छान टाइप केलेला इंग्रजी फॉर्म दिला, सगळ्यांनी अंगठे आणि सह्या दिल्या, नंतर कळलं की बऱ्याच आयांना वाटलं रेशनसारखं काहीतरी मिळणार आहे. आता आमचा जोडीदार घरोघरी जाऊन त्यांच्या भाषेत वाचून दाखवतो आणि शेवटी विचारतो, "आता मला सांगा, मुलं तिथं काय करणार?" आईने स्वतःच्या शब्दांत सांगितलं तरच सही घ्यायची.

४. मुलांच्या सुरक्षेचे नियम, यात तडजोड नाही

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा आहे, अठराच्या आतलं ते मूल, आणि कलम १९ मध्ये मुलांना सगळ्या प्रकारच्या हिंसेपासून आणि छळापासून वाचवायची जबाबदारी सांगितलीय. जवळपास सगळ्या देशांनी तो स्वीकारलाय, त्यामुळे कुणी "आमच्याकडे असलं काही लागत नाही" म्हणालं तर हा करार पुढे करता येतो. आमचे नियम भिंतीवर लावलेले असतात:

- एक मोठा माणूस आणि एक मूल बंद खोलीत कधीच नाही. किमान दोन मोठे, किंवा दार सताड उघडं.
- मारणं, कान पिरगाळणं, उभं करणं, हसं करणं, काही नाही. तिथल्या शाळेत चालत असलं तरी.
- मुलाला स्वतःचा नंबर द्यायचा नाही, एकट्याला गाडीवरून घरी सोडायचं नाही.
- खिशातून चॉकलेट, पैसे, जुने कपडे वाटायचे नाहीत. काही द्यायचं असेल तर जोडीदाराकडे द्या.
- मुलाने काही त्रासाचं सांगितलं तर शांतपणे ऐका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, त्याच दिवशी ठरवलेल्या माणसाला कळवा.

आणि फोटो. फोटोवरून माझी सगळ्यांशी वाजते. आम्ही कॅम्पच्या वेळात फोन एका डब्यात ठेवतो, फक्त एक जण फोटो काढतो, मुलांच्या हातांचे, वह्यांचे, पाठमोरे. लोकेशन बंद. शाळेच्या न्यूजलेटरला फोटो हवा असेल तर पालकांची वेगळी संमती. तुमच्या स्वतःच्या वर्गातल्या मुलांचे फोटो तुम्ही असे टाकाल का, एवढाच प्रश्न मी नवीन व्हॉलंटियरला विचारते, तो गप्प होतो.

५. किती मुलं, किती दिवस, किती वाजता

पहिल्या वेळी तीस मुलं. चाळीस नको. दर बारा मुलांमागे एक शिकवणारा आणि शिवाय एक जण मोकळा, कारण कुणाला तरी सू लागते, कुणी तरी रडतं, कुणाचं तरी धाकटं भावंडं सोबत आलेलं असतं. त्या धाकट्यांना परत पाठवू नका, नाहीतर मोठी मुलगीही घरी बसते. कोपऱ्यात एक चटई टाका, ठोकळे द्या, एक कॉलेजची मुलगी बसवा.

दिवसांचं म्हणाल तर सलग दहा दिवस, रोज दोन ते तीन तास, मग तीन-चार आठवड्यांची गॅप, मग पुन्हा दहा दिवस. ही माझी आयडिया नाही. मुंबईत १९९५ पासून काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेचे लर्निंग कॅम्प असे छोट्या छोट्या तुकड्यांत चालतात, आणि वयापेक्षा मुलाच्या पातळीवरून शिकवायची त्यांची पद्धत आता आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत वापरतात. अर्थशास्त्राचं २०१९ चं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांनी वर्षानुवर्षं याच पद्धतीचा अभ्यास केलाय. पाच दिवसांत कुणाला वाचता येत नाही हो, उगाच स्वतःची फसवणूक.

वेळ ठरवताना आपली सुट्टी बघू नका, मुलांची बघा. शेतीचा हंगाम, बाजाराचा दिवस, पाणी भरायची वेळ, सणवार. आम्ही एकदा दुपारी चार ते सहा ठेवलं होतं, तिसऱ्या दिवसापासून मुली गायब, तर कारण काय, परत जाताना अंधार व्हायचा. अडीच वाजता केलं, मुली परत आल्या.

६. पहिल्या दिवशी शिकवू नका, फक्त तपासा

हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी विसरलात तरी चालेल. वर्ग, वय, गणवेश कशावरून काही कळत नाही. एकेका मुलाला बाजूला (दिसेल असं, लांब नाही) बसवून पाच मिनिटं वाचायला द्यायचं.

भारतात २००५ पासून 'असर' नावाच्या, मुलांना वाचता आणि गणित येतं का बघणाऱ्या पाहणीत जी चाचणी वापरतात तिचीच पद्धत आम्ही घेतली, कारण ती एका कागदावर मावते आणि कुणालाही शिकवता येते. पाकिस्तानात आणि पूर्व आफ्रिकेतही अशाच चाचण्या होतात. कागदावर चार गोष्टी असतात: सुटी अक्षरं, सोपे शब्द, चार ओळींचा उतारा, आणि थोडी मोठी गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून करायची. नीट वाचला, तीनपेक्षा जास्त चुका नाहीत, तर गोष्ट द्या. अडखळला तर शब्द द्या, पाचपैकी चार आले पाहिजेत. नाही आले तर अक्षरं, तिथंही पाचपैकी चार. जिथं थांबला ती त्याची पातळी, वहीत एक अक्षर लिहा आणि पुढचं मूल बोलवा. गणिताचंही तसंच, हातच्याच्या वजाबाकीपासून सुरुवात, आली तर भागाकार, नाही आली तर दोन अंकी संख्या ओळख, तीही नाही तर एक ते नऊ.

कागद तुम्ही भाषांतर करून बनवू नका! तिथल्या पहिली-दुसरीच्या पुस्तकांतले शब्द बघून तिथल्या शिक्षकाकडून बनवून घ्या. आमच्या पहिल्या कागदात एका व्हॉलंटियरने ॲपवरून काढलेला एक शब्द होता, तो मुलांनी वाचला की सगळी खो खो हसायची. का ते मला अजूनही कुणी धड सांगितलेलं नाही.

एक मुलगा आठवतो. नऊ-दहा वर्षांचा असेल. शाळेचं पुस्तक स्वतःच घेऊन आला, पान उघडलं आणि धडाधड वाचायला लागला, बोट ओळीवरून फिरतंय, आवाज खणखणीत, आमच्या नवीन व्हॉलंटियरने लगेच 'गोष्ट' पातळी लिहून टाकली. शेजारी बसलेल्या तिथल्या शिक्षिकेने काही न बोलता पुस्तकावर हात ठेवला आणि दोन बोटांच्या फटीतून मधला एकच शब्द दाखवला. मुलगा थांबला. मग त्याने हळूच पानाच्या सुरुवातीपासून तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणायला सुरुवात केली, त्या शब्दापर्यंत पोचायला. पूर्ण पान पाठ होतं. अक्षरं त्याला तीन येत होती. तेव्हापासून आम्ही चाचणीला मुलांनी कधीच न पाहिलेला उतारा घेतो.

मुलांना 'नापास' वाटेल असं काही बोलायचं नाही. बरोबर-चूक सांगायचंच नाही, फक्त मान डोलवायची आणि शेवटी आवडीचं चित्र काढायला कागद द्यायचा.

७. गट करा आणि रोज तेच तेच करा

तपासणीवरून तीन गट: अक्षरवाले, शब्दवाले, वाचणारे. सहा वर्षांचा आणि अकरा वर्षांचा एका गटात आले तरी बसवा, फक्त मोठ्याला "तू मला मदत कर" म्हणून त्याचा मान ठेवा. गटांची नावं प्राण्यांवरून किंवा रंगांवरून, आणि पातळी दर चार दिवसांनी पुन्हा तपासायची, मूल पुढे गेलं की लगेच गट बदलायचा.

आमचे दोन तास असे असतात:

- १० मिनिटं: हजेरी, एक गाणं किंवा टाळ्यांचा खेळ
- ५० मिनिटं: वाचन
- १० मिनिटं: पाणी, बाथरूम
- ४० मिनिटं: गणित
- १० मिनिटं: गोष्ट ऐकणं, निरोप

वाचनाच्या पन्नास मिनिटांत आधी सगळे मिळून गप्पा (काल काय पाहिलं, कोण भेटलं), त्यातला एक शब्द जमिनीवर खडूने मोठा लिहायचा, मुलं त्यावर उड्या मारतात, मग तो शब्द फोडायचा, त्याच अक्षरांपासून दुसरे शब्द करायचे, मग मोठ्याने वाचायचं, मग स्वतः काहीतरी लिहायचं. अक्षरवाल्यांना वाटतं लिहिणं आपल्याला जमणार नाही, त्यांना बोलू द्या आणि तुमचा साथीदार ते लिहील, मग ते स्वतःचंच वाक्य वाचतात आणि स्वतःचं वाक्य वाचताना पोरं जी खूश होतात ना.

गणितात काड्या. दहा काड्यांचा गठ्ठा, रबर लावलेला. त्रेचाळीस म्हणजे चार गठ्ठे तीन सुट्या. त्यातून सतरा काढायचे तर सुट्या पुरत नाहीत, मग मूल स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर सोडतं. हातचा घेणं म्हणजे काय ते मला दहावीपर्यंत पाठ होतं पण कळलं ते त्या जमिनीवर बसून, खरं सांगते.

मोह आवरायचा तो नावीन्याचा. शिक्षकांना रोज नवीन ॲक्टिव्हिटी पाहिजे असते, इंग्रजी, विज्ञानाचे प्रयोग, कोडिंग, योगा. दहा दिवसांत एकच काम होतं, वाचन किंवा आकडे, फार तर दोन्ही. इंग्रजी शिकवा अशी मागणी पालकांकडून हमखास येते, कारण तुम्ही परदेशी आहात. अक्षरं येत असतील त्या गटाला रोज दहा मिनिटं बोलण्यापुरतं घ्या आणि बाकी मुलांना आधी त्यांच्या भाषेत वाचू द्या.

८. भाषा येत नाही, मग तुम्ही काय करणार?

भरपूर काही. वाचन तिथल्या तरुण मुलामुलींनी घ्यायचं, तुम्ही त्यांना कॅम्पच्या आधी तीन दिवस तयार करायचं. चाचणी कशी घ्यायची, गट कसा चालवायचा, गोंधळ झाला तर काय, हे एकमेकांवर प्रॅक्टिस करून. कॅम्प चालू असताना मागे बसून बघायचं आणि रोज संपल्यावर वीस मिनिटं बोलायचं: आज कोण गप्प होतं, कोणाचा गट बदलायचा, उद्या काय. शिक्षक म्हणून आपली खरी कमाई तीच आहे, वर्ग बघता येणं.

तुम्ही स्वतः मात्र चाळीस-पन्नास वाक्यं शिकाच. "परत सांग", "तू करून दाखव", "छान", "पाणी पाहिजे का", "दुखतंय का", "कोण आलंय न्यायला". आणि सगळ्यात आधी मुलांची नावं, उच्चार नीट. माझे उच्चार ऐकून मुलं मला शिकवायला लागतात आणि तो दिवसातला सगळ्यात चांगला भाग असतो, ताईलाही येत नाही म्हटल्यावर जरा धीर येतो त्यांना.

९. सामान

कमी. खडू, दोरी आणि कपड्यांचे चिमटे (गोष्टींची पानं टांगायला), जुन्या खोक्यांचे पुठ्ठे कापून अक्षरकार्डं, काड्या-रबर, वह्या-पेन्सिली, चटया, प्यायचं पाणी, साबण, प्रथमोपचाराची पेटी. पुस्तकांसाठी 'स्टोरीवीव्हर' बघा, प्रथम बुक्सचं आहे, २०१५ पासून, शेकडो भाषांत चित्रगोष्टी आहेत, पातळीनुसार लावलेल्या, आणि लायसन्स मोकळं असल्यामुळे नाव देऊन प्रिंट काढता येतात. आफ्रिकेतल्या भाषांसाठी 'आफ्रिकन स्टोरीबुक'. टॅबलेट असतील आणि नेट नसेल तर 'कोलिब्री' हे शिकण्याचं ॲप ऑफलाइन चालतं, पण पहिल्या कॅम्पला टॅबलेट नेऊ नका, सगळा वेळ चार्जिंग आणि भांडणं सोडवण्यात जातो.

आणि किल्ली! एका कॅम्पला पहिल्याच दिवशी हॉलला कुलूप, किल्लीवाले काका लग्नाला गेलेले. आम्ही बाहेरच्या फरशीवर खडूने आखून दोन तास काढले. चाललं, पण आता डुप्लिकेट किल्ली ही माझ्या यादीत विम्याच्याही वर आहे.

१०. पैसे

स्वतःच्या खिशातून किंवा शाळेतल्या सहकाऱ्यांकडून थोडे थोडे, हे सोपं वाटतं, पण लोकांकडून देणगी गोळा करण्याचे नियम काही देशांत फार कडक आहेत. संयुक्त अरब अमिरातीत परवान्याशिवाय देणग्या गोळा करणं गुन्हा आहे, साधी ऑनलाइन हाकही अंगाशी येऊ शकते. म्हणून पैसे जोडीदार संस्थेच्या खात्यात थेट जाऊ द्या, पावती त्यांची. तुमच्या खात्यातून फिरवू नका. जोडीदार रजिस्टर्ड नसेल तर पैसे न मागता वस्तू मागा, आणि तेही शाळेला विचारून.

जे तरुण तिथले शिकवतात त्यांना मानधन द्या. आपल्याला पगार चालू असतो म्हणून आपल्याला फुकट परवडतं, त्यांचा तो दहा दिवसांचा रोजगार असतो.

११. दुखणीखुपणी

प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स किमान दोघांनी केलेला असावा. औषधं स्वतःच्या मनाने कुणाला द्यायची नाहीत, साधी तापाची गोळीसुद्धा नाही. लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी सांगते. जुलाब झाले आणि ओआरएसचं पाकीट नसलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, थोडं थोडं पाजत हॉस्पिटलला. आणि कुत्रा चावला किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी न्यायचं, "थोडंसंच लागलंय" हे ऐकून घ्यायचं नाही. दोन्ही वेळा घरी फोन आधी.

१२. शेवटचे दोन दिवस

नवव्या दिवशी पुन्हा तीच चाचणी, नवीन उताऱ्यावर. निकाल खोटे फुगवू नका. तीस मुलांपैकी बारा एक पायरी वर गेली, पाच दोन पायऱ्या, बाकी तिथंच, असं असेल तर तसंच लिहा आणि तिथंच राहिलेल्यांच्या नावापुढे हजेरी बघा, बऱ्याचदा उत्तर तिथं असतं. कुणाला चष्मा लागतो, कुणाला ऐकू कमी येतं, हेही याच वेळी ध्यानात येतं, ते जोडीदाराला लेखी द्या.

दहाव्या दिवशी पालकांना बोलवा, भाषणं नकोत, बक्षिसं नकोत. प्रत्येक मुलाने आपल्या घरच्यांना बसून एक पान किंवा एक शब्द वाचून दाखवायचा, जे येतं ते. त्या दिवशी पाठांतरवाल्या मुलाने आजीला स्वतः सांगितलेलं दोन ओळींचं वाक्य वाचून दाखवलं, बोट ठेवून, अडखळत, आणि आजीने मधेच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" त्याने सुरुवातीला न जाता सांगितलं.

निघायच्या आधी चाचणीचे कागद, गटांची वही, अक्षरकार्डांची पेटी आणि दोन्ही किल्ल्या जोडीदाराच्या हातात द्या आणि पुढच्या दहा दिवसांच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या हाताने लिहून घ्या. त्या तारखांना तुम्ही तिथं नसाल तरी चालेल अशाच निवडा.